हौसाला आधी पाणी पाजा

भावजी,

होडी अजून दगडांवरच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही जिथं कुठं असाल तिथून पहिली चौकशी हौसाची कराल, बायकोची नंतर, आणि मेव्हण्याची तर करणारच नाही. काल तुमचं तेरावं झालं. पंगत उठली, लोक हात धुऊन पांगले आणि मी पाण्याकडं गेलो. हौसा होती तशीच होती, सात दगडांवर, दोन्ही कुशींना टेकू लावलेली. कशासारखी दिसत होती ते लिहिणार होतो, पण तुमचं बोलणं आठवलं. "होडीसारखी होडी हाय. तिला अजून कशासारखी करू नको."

ताई म्हणाली, "लिवून ठेव सगळं. नायतरी बोलून बोलून लोकांचं डोकं खातोस, एकदा कागदाचं खा." तुमची बायको झाली तरी माझी थोरली बहीण आहे. म्हणून बसलोय.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तुम्ही तेवढं कान झाकून घ्या. तुमचं गाव डोळखांबच्या पुढं, धरणाच्या पाण्यापलीकडं. तुमच्या वडिलांच्या वेळची गाडीवाट पाण्याखाली गेली. ती अजून तिथंच आहे, फक्त आता मासे वापरतात. अलीकडच्या काठाला डांबरी रस्ता, शहापूरची एसटी, बाजार, दवाखाना. पलीकडं तुम्ही आणि तीन पाडे. पाण्यावरून गेलं तर वीस मिनिटं. जंगलातून वळसा घालून चालत गेलं तर तीन तास, तेही पाय धड असतील तर. या वीस मिनिटांसाठी तुम्ही हौसा आणलीत.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट असेल. ताईचा आसनगावला निरोप आला, "तुझ्या भावजींना आवर, कल्याणच्या खाडीवर जाऊन होडी घेतायत." मी रजा टाकून तुम्हाला आवरायला आलो, आणि परत येताना ट्रकच्या हौद्यात होडीचा दोर धरून बसलो होतो. माझ्या आवरण्याची ताकद तेवढीच. डोळखांबच्या नाक्यावर चहा पिणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ट्रकवरची होडी बघितली आणि ओरडून विचारलं, "काय रं, पूर कंदी यायचा हाय?" तुम्ही केबिनमधून मान बाहेर काढून म्हणालात, "चहा संपव तुजा, तवर येल."

पहिल्याच फेरीला हौसा गळत होती. तुम्ही हँडल मारलंत, एका सिलिंडरचं ते इंजिन खोकत खोकत सुरू झालं, आणि तुम्ही तुपाचा रिकामा डबा माझ्या हातात दिलात. "काय विंजनेर, बसलास काय? उपस." मी इंजिनिअर कधीच नव्हतो. कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो, कारागिरांना नटबोल्ट काढून द्यायचो. पण गावाकडं येताना मी खिशाला पेन आणि बोलण्यात दोन इंग्रजी शब्द लावून यायचो, त्याची ही शिक्षा. उपसता उपसता मी विचारलं, "भावजी, बुडणार तर नाही ना ही?" तुम्ही सुकाणूवर हात ठेवून म्हणालात, "थोडं पाणी आत यावंच. तिला कळायला नको का, आपण पाण्यात हाय ते?"

पंधरा वर्षं मी तो डबा धरला. पाड्यावरच्या बारशांना, वालाच्या शेंगांना, दिवाळीच्या फराळाला, जेव्हा जेव्हा आलो तेव्हा. एकदाही तुम्ही मला सुकाणू दिलं नाहीत.

दर वर्षीचं वेळापत्रक ठरलेलं. दिवाळी झाली की पाड्यांची निम्मी घरं कडी लावून वीटभट्टीवर जायची. हौसाला गिऱ्हाईक उरायचं नाही. मग तुम्ही तिला बैल लावून वर ओढायचात, दगडांवर चढवायचात आणि तीन आठवड्यांत डागडुजी करून पुन्हा पाण्यात. म्हणायचात, "शिमग्याला माणसं भट्टीवरनं येतात, कोंबड्या, पोरं, भांडी घेऊन. त्यांना काठावर बसवून ठेवायची नाय."

या वर्षी मात्र काम मोठं काढलंत. दोन फळ्या बदलायच्या, वरती छप्पर, बसायला नव्या फळ्या आणि इंजिनच नवं. नवं म्हणजे मुरबाडच्या एका गॅरेजवाल्यानं मोडीत काढलेल्या टेम्पोचं. त्याला रिव्हर्स होता, बटण दाबून सुरू होणारा सेल्फ होता, आणि हॉर्न होता. हॉर्नवर तुमचा जीव जडला. पण सेल्फ! गेली दहा वर्षं मी तुम्हाला सेल्फवालं इंजिन घ्या म्हणून सांगत होतो. हँडल उलटं मारून तुमच्या खांद्याचं खोबरं झालं होतं. तुम्ही दर वेळी एकच म्हणायचात, "बॅटरी म्हंजे मेव्हणा. कामाच्या दिवशी झोपतो." आणि या दिवाळीला स्वतःहून म्हणालात, "सेल्फवालंच घेऊ." मी जिंकलो होतो. आसनगावला जाऊन निम्म्या चाळीला सांगितलं की भावजींनी शेवटी माझं ऐकलं.

कंपनीनं मला गेल्या वर्षी व्हीआरएस देऊन घरी बसवलं होतं, त्यामुळं माझ्याकडं वेळ रग्गड होता आणि अक्कल तर आधीपासूनच होती. मी मुक्कामालाच आलो. तुम्ही सुकाणूजवळची बसायची फळी बसवलीत, ती मला चार बोटं खाली वाटली. मी लगेच बोललो, "भावजी, माप चुकलं. गुडघे हनुवटीला लागतील तुमचे." तुम्ही खिळा ठोकत म्हणालात, "लागू दे." मी ताईला जाऊन सांगितलं, भावजींचे डोळे गेले आता.

मग फटींचं भांडण. तेच भांडण मला आता पुन्हा पुन्हा आठवतं.

होडी उन्हावाऱ्यात वाळली की फळ्या आकसतात. हौसाच्या पोटाखाली उताणं झोपून वर बघितलं तर फटींतून उन्हाच्या रेघा दिसायच्या. मी कंपनीतल्या एका सोबत्याकडून फटी बुजवायची, दगडासारखी घट्ट होणारी लांबी आणली होती. ठरवलं, प्रत्येक फट ठासून भरायची, थेंब आत येता कामा नये, डबाच फेकून द्यायचा. तुम्ही म्हणालात, "आधी पाणी पाज तिला, मग काय ती फट भर."

"वाळलेल्या फटीच भरायच्या असतात, भावजी."

"गाडीचं चाक उन्हाळ्यात खुळखुळतं, लोखंडी धाव निसटाय येते, तवा आपण काय करतो? खिळे ठोकतो? चाक वढ्यात टाकतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव घट्ट. तू आत्ताच भरलीस तर फुगायला जागा कुठाय तिला?"

"भावजी, एकविसावं शतक आहे हे."

"लाकूड कितव्या शतकातलं हाय?"

मी हट्टानं अकरा दिवस फटी भरल्या. घोटून, घासून, वरून हात फिरवून. तुम्ही इंजिनाचा पाया बसवत होतात, माझ्याकडं बघत नव्हतात. नेहमीचे तीन आठवडे कधीच उलटून गेले होते. पाणी रोज थोडं मागं सरकत होतं. बाराव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आता ते उकरून काढावं लागल." आणि मी चिडलो. मागं एकदा मुंबईचा एक फार्महाउसवाला शेठ हौसाला बघून गेला होता, लॉनवर ठेवायची म्हणत होता, आत फुलझाडं लावून. मी ओरडलो, "मग द्या त्या शेठला! कुंड्या तरी ठेवील!"

तुम्ही फडक्याला हात पुसलेत. म्हणालात, "चारची एसटी हाय तुझी. वळसा घालून जायचंय, आत्ताच निघ." मी पिशवी उचलली. मागून हाक मारलीत, "काठी घे संगती." मी काठी घेतली, बोललो काही नाही. ती काठी अजून आसनगावला माझ्या दाराआड उभी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वालाच्या शेतात खाली बसलात ते उठला नाहीत. छातीत दुखतंय म्हणालात. गडी माणसं भट्ट्यांवर. काठावर मासे धरायच्या टायरच्या ट्यूबी होत्या, त्यांच्यावर आजारी माणूस निजवता येत नाही. बांबूला घोंगडी बांधली. दोन म्हातारे, पाड्यावरच्या दोन बाया आणि ताई, आळीपाळीनं खांदा देत, वळशाच्या वाटेनं निघाले. दोन तास चालल्यावर ताईनं झोळी खाली ठेवायला सांगितली. घाई संपली होती.

मी त्या वेळी आसनगावला चहा पीत होतो आणि तुमच्यावर रागावलेलो होतो.

काल ताईला मी विचारलं. विचारू नये ते विचारलं. नेहमीसारखी हौसा तीन आठवड्यांत पाण्यात गेली असती तर? ताई भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या फटींनी नाय गेले ते. पण होडी दगडांवर व्हती, ते खरंच हाय." तिनं मला सोडलंही नाही आणि मारलंही नाही. मग म्हणाली, "शिमग्याला माणसं यायची हायेत."

तेव्हा भावजी, आजपासून मी फटी उकरायला बसतोय.

*

इथवर लिहून कागदाची घडी घातली, त्याला महिना होऊन गेला. हात रिकामे नव्हते. तुमच्या मेव्हण्याबद्दल हे वाक्य प्रथमच लिहिलं जात आहे.

आधी तुमचे चुलते तात्या काठी टेकत आले. म्हणाले, "वर्षाच्या आत नव्या कामाला हात लावू नये." ताई म्हणाली, "नवं काय हाय तिच्यात? होडी जुनी, इंजिन जुनं, हा माझा भाऊ बाळू तर किती जुना." तात्या म्हणाले, तरी पण रीत आहे. "मग वर्षभर लोकांनी काय उडत जायचं?" दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःची पटाशी घेऊन आले.

मग शेठचा माणूस आला, त्याला बातमी कळली होती. ताईनं माझ्याकडं बोट केलं. "त्यांना विचारा, कुंड्यांची आयड्या त्यांचीच व्हती." मी म्हणालो, होडी विकायची नाही. तो म्हणाला, "पण त्या दिवशी एसटीच्या नाक्यावर तुम्हीच तर म्हणालात, होडी घेऊन जा म्हणून..." मी म्हणालो, तो माणूस चारच्या एसटीनं गेला.

मला अजून एक खोटी आशा होती. वाटलं, बघू तरी, कदाचित माझी लांबी टिकेल. म्हणून एका टोकाला आतून गोणपाट टाकलं आणि पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी फळ्या फुगल्या. माझी लांबी उन्हात वाळलेल्या पापडासारखी तडतडून बाहेर आली, आणि जिथं आली नाही तिथं तिनं फळीच उचलली, खिळ्यासकट. दोन्ही बाजूंनी तुम्ही बरोबर होतात. तुम्ही असतात तर नुसतं फडक्याला हात पुसले असतेत. मला तेच जास्त लागलं असतं.

लावायला अकरा दिवस लागले होते, काढायला चौदा. पटाशी, पेचकस, शेवटी शेवटी तर ताईची विळी. बोटांची सालं गेली. तात्या शेजारी बसून सांगायचे, "हितं राह्यलंय. हितं बी राह्यलंय." चौदा दिवसांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलं नाही, त्यामुळं घरच्यासारखं वाटलं.

मग हौसाच्या सबंध पोटात भाताचा पेंढा आणि ओलं गोणपाट अंथरलं. पाणी तोवर पार खाली गेलं होतं, चिखल तुडवून आणावं लागायचं. पहिल्या दिवशी मी एकटाच हंडे वाहत होतो आणि सहाव्या हंड्याला काठावर बसलो. त्या दोन बाया पाण्याला आल्या होत्या, ज्यांनी तुमच्या झोळीला खांदा दिला होता. एकीनं आपला भरलेला हंडा नेला आणि हौसात ओतला. दुसरी म्हणाली, "मामा, तुमी बसा. तुमच्यानं हंडा नाय, वाटी उचलल." त्या दिवसापासून पाण्याला येणारी प्रत्येक बाई जाता जाता एक हंडा हौसाला घालून जाऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. महाशिवरात्र आली तेव्हा एकीनं वरून बेलाचं पान पण टाकलं.

आठव्या दिवशी सकाळी पेंढा आणि गोणपाट बाजूला सारलं आणि मी हौसाच्या पोटाखाली उताणा झोपलो. वर बघितलं. उन्हाच्या रेघा नव्हत्या. अंगावर टपटप थेंब पडत होते आणि वर गच्च अंधार होता. मी किती वेळ तसाच पडून राहिलो कोण जाणे. ताई वाकून म्हणाली, "उठ रे, लोकांना वाटल दुसरा बी गेला."

चार ठिकाणी गळत होतं. फक्त चार. तिथं कापूस आणि राळ भरली, हलक्या हातानं. मुरबाडचा गॅरेजवाला एक दिवस येऊन शाफ्ट आणि पंखा सरळ रेषेत बसवून गेला. वायरिंग मात्र मी केलं. बटण दाबलं, इंजिन गप्प, आणि हॉर्न असा वाजला की झाडावरचे बगळे उडाले. ताई हसली, भावजी. पदर तोंडाला लावून, खाली बसून हसली. "बॅटरी म्हंजे मेव्हणा," असं म्हणाली आणि मग रडली. तुम्ही गेल्यावर मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं.

शिमग्याला चार दिवस उरले तेव्हा हौसाला खाली नेली. दगडांपासून पाण्यापर्यंत आता दोनशे पावलं होती. गोल ओंडके टाकले, केळीचे खांब कापून आणले, तात्यांचे बैल जुंपले. भट्टीवरून लवकर परतलेला धाऊ वळशाच्या वाटेनं, डोक्यावर बोचकं घेऊन, बायकोपोरांना रस्त्याकडच्या काठावर बसवून एकटा पुढं आला होता. त्यानं बोचकं टाकलं आणि दोराला हात घातला. "भाऊंची होडी हाय," तुमच्याबद्दल एवढंच बोलला. दुपारपर्यंत हौसा पाण्याला टेकली. ताईनं नारळ फोडला. अर्धा पाण्यात, अर्धा आम्ही खाल्ला, तुमच्या वाट्याचा तात्यांनी.

आता सुकाणूवर कोण बसणार, हा प्रश्न माझ्या मनात होता. खरं सांगतो, मीच बसणार असं मला वाटत होतं. पंधरा वर्षं वाट बघितली होती. मी धोतराचा, म्हणजे पँटचा, सोगा वर करून चढलोसुद्धा. तुमच्या जागेवर बसलो तर गुडघे हनुवटीला लागले. मनात म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो? माप चुकलंय.

तेवढ्यात ताई चढली. "सरक," म्हणाली. मी सरकलो. ती त्या फळीवर बसली. तिची पावलं होडीच्या तळाला सपाट टेकली, अगदी सपाट, आणि सुकाणूचा दांडा तिच्या कोपराशी आला. हात लांबवला तर बटण बोटाखाली.

मी त्या फळीकडं बघत राहिलो. चार बोटं खाली. आणि सेल्फवालंच घेऊ.

"ताई, तुला चालवता येते?"

"गेला अख्खा पावसाळा मीच चालवत व्हते. ह्यांचा हात वर जात नव्हता. फक्त हँडल तेवढं ह्ये मारायचे, माझ्यानं मारवत नव्हतं." तिनं फळीवर हात फिरवला. "तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, तो बोलून बोलून गावभर करल."

मी आसनगावच्या निम्म्या चाळीला सांगितलं होतं भावजी, की तुम्ही माझं ऐकलं.

ताईनं बटण दाबलं. इंजिन लागलं, हॉर्न न वाजता. रिव्हर्सनं हौसा काठापासून सुटली, वळली, आणि पलीकडं जिथं धाऊची बायको दोन पोरं आणि एक कोंबडी घेऊन उभी होती तिकडं तोंड केलं. मी मधल्या फळीवर बसलो होतो. त्या दिवशी "काठी घे" म्हणालात, तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. निदान घेतो म्हणायला हवं होतं.

"बाळू," ताई पुढं बघतच म्हणाली, "बसलास काय? उपस."

डबा तुम्ही ठेवला होता तिथंच, बाकाखाली होता. हौसाच्या तळाला पाणी होतं. फार नाही, अर्धा डबा भरेल एवढं, तिला कळण्यापुरतं.

उपसतोय, भावजी.